पहाटेचे दोन तास

अंबरनाथचा माणूस मुंबईला निघतो तेव्हा पुष्कळदा आधी उलट्या दिशेला जातो, बदलापूरला. सीएसएमटी अंबरनाथहून ६० किलोमीटर आहे आणि बदलापूरहून ६८. म्हणजे तो मुद्दाम आठ किलोमीटर मागे जातो, बदलापूरहून परत फिरणाऱ्या लोकलमध्ये जागा धरून बसतो आणि त्याच गाडीने अंबरनाथवरून पुढे निघतो. याला इथे ‘रिटर्न येणं’ म्हणतात. उल्हासनगर आणि विठ्ठलवाडीचेही काही जण हेच करतात. बदलापूरकरांशी त्यांचे खटके उडतात, कारण गाडी फलाटाला लागते तेव्हाच निम्मी भरलेली असते. हा खटाटोप बसायच्या जागेसाठी आहे हे खरंच, पण जागा मिळाल्यावर लोक काय करतात ते पाहावं. बॅग वरच्या रॅकवर जाते, डोकं खिडकीला टेकतं आणि कल्याण यायच्या आत डब्यातल्या बऱ्याच जणांचे डोळे मिटलेले असतात. चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर ठेवून बसलेला माणूसही झोपतो. अर्धा तास आधी घर सोडून त्याने ही झोप मिळवलेली असते, आणि तो अर्धा तास त्याने घरच्या झोपेतूनच काढलेला असतो.

अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर या तीन शहरांचा गेल्या काही दशकांचा इतिहास असाच झोप देऊन काही तरी घेण्याचा आहे. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. दादर, परळ, डोंबिवलीत घर परवडेना म्हणून लोक रुळाच्या कडेकडेने पुढे सरकले. घर मिळालं, मुलांना खोली मिळाली, गॅलरीतून डोंगर दिसू लागला. त्याची किंमत हप्त्यांत चुकती होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. रोज फास्ट लोकलनेही जाताना दीड तास आणि येताना दीड तास, शिवाय दोन्ही टोकांचं चालणं आणि रिक्षा, हा दुसरा हप्ता मात्र कुठल्याच पासबुकात दिसत नाही. तो पहाटेच्या झोपेतून वळता होतो. रात्री साडेअकराला पाठ टेकायची आणि साडेचारला उठायचं, असं वर्षानुवर्षं चालतं.

आता ही पहाटेची झोप म्हणजे नेमकं काय, ते पाहू.

१९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की या संशोधकाने आपले मार्गदर्शक नॅथॅनिअल क्लाइटमन यांच्यासह एक छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध केला. झोपलेल्या माणसाच्या पापण्यांआड डोळे ठरावीक अंतराने झरझर हलतात आणि त्या वेळी जागं केलं तर तो बहुतेकदा स्वप्न सांगतो, असं त्यांना आढळलं होतं. सुरुवातीच्या नोंदी असेरिन्स्कीने स्वतःच्या लहान मुलाला यंत्राला जोडून घेतल्या होत्या. तोवर झोप म्हणजे मेंदूने काम थांबवणं, असं मानलं जाई. त्या नोंदींत मेंदू जागेपणीइतकाच कामात दिसला. या झोपेला पुढे आरईएम झोप म्हणू लागले. आपण तिला स्वप्नझोप म्हणू.

रात्रभरात झोपेची चार-पाच आवर्तनं होतात, प्रत्येक साधारण नव्वद मिनिटांचं. प्रत्येक आवर्तनात हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्नझोप असते, पण प्रमाण सारखं नसतं. पहिल्या दोन आवर्तनांत गाढ झोप भरपूर असते. रात्र सरत जाते तसतशी ती आटते आणि स्वप्नझोप लांबत जाते. शेवटच्या आवर्तनांत स्वप्नझोपेचा वाटा सर्वांत मोठा असतो. म्हणून साडेसहाला उठणारा माणूस साडेचारला उठू लागला की त्याच्या झोपेचा पाव हिस्सा गेला, हा हिशेब अपुरा पडतो. गाढ झोप बरीचशी वाचते, पण स्वप्नझोपेचा मोठा भाग एकदम जातो.

दोन्ही झोपांची कामं वेगळी आहेत. गाढ झोपेत शरीर दुरुस्तीला लागतं: वाढीचं संप्रेरक मोठ्या प्रमाणात स्रवतं, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. दिवसभरात मेंदूच्या पेशींभोवती साचलेला कचरा या काळात जास्त वेगाने धुऊन निघतो, असं मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने २०१३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून मांडलं. त्यावर अजून वाद चालू आहे, म्हणून मी त्यावर फार भार टाकत नाही. स्वप्नझोपेचं काम मनाशी जास्त निगडित आहे. दिवसभराचे अपमान, भीती, चिडचिड यांची धार बोथट करण्यात तिचा वाटा असावा, असं बरेच संशोधक मानतात. २००७ च्या एका प्रयोगात तरुणांना एक रात्र पूर्ण जागवून दुसऱ्या दिवशी अस्वस्थ करणारी चित्रं दाखवली. भावनांना प्रतिसाद देणारा अमिग्डाला हा मेंदूचा भाग नीट झोपलेल्यांपेक्षा त्यांच्यात सुमारे ६० टक्के जास्त चेतला, आणि त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या भागाशी त्याचं नातं सैल झालेलं दिसलं. सकाळच्या फलाटावर धक्का लागला म्हणून हमरीतुमरीवर येणाऱ्या माणसांचा राग गर्दीमुळे असतोच. पण त्यातल्या कित्येकांचा लगाम आदल्या रात्रीच ढिला झालेला असतो, हेही लक्षात घ्यायला हवं.

मग लोकलमधली तासाभराची झोप ही भरपाई नव्हे का? थोडी आहे, आणि तिला तुच्छ लेखू नये. अमेरिकेच्या नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेल्या अभ्यासात सरासरी २६ मिनिटांच्या डुलकीनंतर सतर्कता बरीच सुधारलेली दिसली. गाडीतल्या डुलकीने सकाळचं काम निभावतं ते यामुळेच. पण ती बहुतेक हलक्या झोपेतच अडकून राहते. स्वप्नझोपेत शरीराचे स्नायू पूर्ण शिथिल व्हावे लागतात, आणि बसल्या जागी तसं होऊ लागलं की मान कलंडून माणूस जागा होतो. शिवाय ठाणे, घाटकोपर, कुर्ला अशी उतरणाऱ्यांची ढकलाढकल दर काही मिनिटांनी असतेच.

इथे एक खूण सांगून ठेवतो. मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयातले डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये दिवसा येणारी झोप मोजण्यासाठी आठ प्रश्नांची एक पट्टी तयार केली. जगभरचे डॉक्टर ती आजही वापरतात. त्यातला एक प्रश्न असा: तासभर न थांबता चाललेल्या गाडीत प्रवासी म्हणून बसल्यावर तुम्हाला डुलकी लागण्याची शक्यता किती? प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण असतात, आणि एकूण दहाच्या वर गेले तर दिवसा प्रमाणाबाहेर झोप येते असं समजायचं. बदलापूर लोकलच्या डब्यात या प्रश्नाला तीन गुण न मिळणारा प्रवासी शोधावा लागेल. बऱ्याच जणांचं कारण साधं असतं, झोपेचे तास कमी पडणं. काहींचं मात्र वेगळं असतं. घरी सात तास झोपूनही गाडीत बसताक्षणी डोळे मिटतात, रात्री मोठ्याने घोरतात, मध्येच श्वास अडकून दचकून उठतात, सकाळी डोकं जड असतं. हा स्लीप ॲप्निया असू शकतो. त्यात रात्रभरात कित्येकदा श्वास थांबतो, रक्तदाब चढत जातो, हृदयावर ताण येतो. त्यावर चांगले उपचार आहेत. घोरणं म्हणजे गाढ झोपेचं लक्षण, ही समजूत आपल्या घरांतून जायला हवी, आणि अशा माणसाला घरच्यांनी छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यायला हवं. त्याला स्वतःला रात्रीचं काहीच ठाऊक नसतं.

‘सवय होऊन जाते हो,’ हे वाक्य या भागात फार ऐकू येतं. झोपेविषयीच्या सगळ्या गैरसमजांत मला हा सर्वांत घातक वाटतो. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हान्स व्हॅन डोंगेन, डेव्हिड डिंजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांचे गट करून त्यांना सलग चौदा रात्री चार, सहा किंवा आठ तास अंथरुणात राहू दिलं आणि दिवसा त्यांची एकाग्रता पुन्हा पुन्हा मोजली. सहा तासवाल्यांची कामगिरी दिवसागणिक घसरत गेली. दोन आठवड्यांनी ती रात्रभर, काही कसोट्यांवर तर दोन रात्री, अजिबात न झोपलेल्या माणसांइतकी खालावली होती. याहून महत्त्वाचा निष्कर्ष दुसराच होता. पहिल्या काही दिवसांनंतर झोप येत असल्याची त्यांची तक्रार फारशी वाढली नाही. आपण सरावलो असं त्यांना वाटत होतं, आणि मोजमाप मात्र खाली खाली जात होतं. सवय होते ती थकव्याच्या जाणिवेची.

शरीरही सरावत नाही. १९९९ मध्ये कारीन स्पिगेल आणि ईव्ह व्हॅन कॉटर यांनी ११ निरोगी तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिलं. रक्तातली साखर हटवण्याचा त्यांचा वेग, भरपूर झोपल्यानंतरच्या वेगापेक्षा, सुमारे ४० टक्क्यांनी मंदावला. तरणीबांड मुलं आठवड्याच्या आत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांसारखे आकडे दाखवू लागली. अपुऱ्या झोपेत भूक लावणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं घटतं, म्हणून संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीसमोर पाय थांबतात. २०१५ च्या एका अमेरिकी अभ्यासात १६४ जणांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली. ज्या घरात मधुमेह किंवा रक्तदाब आहे, तिथे गोळ्यांच्या वेळा पाळल्या जातात, भात मोजला जातो, पण झोपेचे तास कोणी विचारत नाही. मोठ्या माणसाला सात तास किंवा त्याहून जास्त झोप हवी, अशी झोपतज्ज्ञांची शिफारस आहे.

घरातल्या बाईचा हिशेब याहून वेगळा आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ गेला, पुरुषांचा ८८ मिनिटं. ही देशाची सरासरी झाली. आता ज्या घरातला पहिला डबा पावणेपाचला भरावा लागतो, तिथली बाई साडेतीन-चारला उठते. ती स्वतः नोकरीला जात असेल तर लेडीज डब्यातच भाजी निवडते, मटार सोलते आणि उरलेल्या वेळात डोळे मिटते. रात्री ओटा पुसून, दूध गार करून सगळ्यांच्या शेवटी आडवी होते. निद्रानाशाची तक्रार पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळते. तिच्या झोपेवर बोलताना रात्री मोबाइल दूर ठेवा एवढाच सल्ला देणं मला अन्यायाचं वाटतं. भाजी रात्री दुसऱ्या कोणी तरी चिरून ठेवली, डबा कोणी तरी स्वतः भरला, तर तिला पाऊण तास मिळतो. त्या पाऊण तासाइतकं गुणकारी औषध कुठल्याही दुकानात मिळत नाही.

सगळेच काही मुंबईला जात नाहीत. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी, आनंदनगर आणि मोरिवलीची एमआयडीसी, बदलापूरच्या रासायनिक कंपन्या, उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधले जीन्सचे कारखाने, यांनी हजारो घरं पोसली आहेत. यातली बरीच कामं पाळ्यांवर चालतात, आणि जीन्सवाल्यांकडे सणाच्या तोंडावर रात्रीचा दिवस होतो. रात्रपाळीची अडचण तासांपुरती नसते. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसांच्या वर, तांदळाच्या दाण्याहून लहान असा पेशींचा पुंजका शरीराचं घड्याळ चालवतो, आणि त्याला वेळ कळते ती उजेडावरून. सकाळी सातला पाळी सुटली, उन्हातून सायकलने घरी आलं, की ते घड्याळ दिवस उजाडल्याचं जाहीर करतं. त्यामुळे दिवसाची झोप तुटक आणि रात्रीपेक्षा दोनेक तासांनी तोकडी राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं आणि २०१९ मध्ये तेच मत कायम ठेवलं.

पाळ्यांच्या या त्रासावर उपाय आहेत, आणि ते एका रासायनिक कारखान्यातच तपासले गेले आहेत. अमेरिकेतल्या युटा राज्यात खनिज क्षारांच्या एका कारखान्यात पाळ्या दर आठवड्याला उलट्या क्रमाने फिरत, रात्रपाळीनंतर दुसरी, मग पहिली. चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी तो क्रम उलटवला: पहिली, मग दुसरी, मग रात्र, आणि बदल तीन आठवड्यांनी. १९८२ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. कामगारांचं समाधान वाढलं, तब्येतीच्या तक्रारी घटल्या आणि उत्पादनही वाढलं. शरीराच्या घड्याळाला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही, एवढंच त्यामागचं तत्त्व. पाळ्यांचा तक्ता लावणाऱ्या प्रत्येक सुपरवायझरने हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. त्याला एक पैसाही लागत नाही. कामगाराने स्वतः करण्यासारखं म्हणजे घरी परतताना काळा चष्मा, खिडकीला जाड पडदा, पाळीच्या उत्तरार्धात चहा बंद, आणि पाळीला जाण्याआधी तासभर झोप. चहाचं कारण असं की त्यातल्या कॅफीनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही रक्तात फिरत असतो.

पत्र्याच्या घरात मात्र पडदा पुरत नाही. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान जवळपास एक अंशाने उतरावं लागतं. समुद्राचा वारा बदलापूरपर्यंत क्षीण होऊन पोहोचतो, आणि एप्रिल-मेमध्ये मुंबई पस्तिशीत असते तेव्हा इथे पारा चाळिशी गाठतो. पक्क्या घरातही तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. झोपण्याआधी कोमट पाण्याने अंघोळ केली तर हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावून आतली उष्णता बाहेर पडते. गार पाण्यापेक्षा हा उपाय जास्त टिकतो.

आता मनाच्या दुखण्याकडे वळतो. नैराश्यात झोप उडते हे पूर्वीपासून ठाऊक होतं. गेल्या वीसेक वर्षांत उलटी बाजूही स्पष्ट झाली आहे: ज्यांना दीर्घकाळ निद्रानाश आहे, त्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो. तीन महिन्यांहून जास्त काळ, आठवड्यातून तीन रात्री किंवा अधिक, झोप लागत नसेल किंवा पहाटे फार लवकर तुटत असेल, तर तो आजार म्हणून पाहावा. त्यावरचा पहिला उपचार झोपेची गोळी नाही. झोपेविषयीच्या सवयी आणि विचार बदलणारी काही आठवड्यांची मानसोपचार पद्धत आहे, आणि गोळीपेक्षा तिचा गुण जास्त काळ टिकतो. यात रुग्णाला सुरुवातीला अंथरुणात कमी वेळ घालवायला सांगतात, झोप येईना तर उठून बसायला सांगतात, आणि उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही तीच ठेवतात. बोलायला जवळ कोणी नसेल तर केंद्र सरकारच्या टेलीमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

एवढं सगळं सांगूनही एक प्रश्न उरतो. उठण्याची वेळ ठरवतं कोण? भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर ठरते, आणि बदलापूर आहे त्र्याहत्तर अंशांच्या थोडं पुढे. म्हणजे इथला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे ३७ मिनिटं मागे चालतो. बदलापूरच्या घड्याळात साडेचार वाजतात तेव्हा सूर्याच्या हिशेबाने चारही वाजलेले नसतात, आणि शरीर सूर्याचा हिशेब मानतं. मुंबईच्या गिरणी कामगारांनी हे सुमारे एकशेवीस वर्षांपूर्वी ओळखलं होतं. १ जानेवारी १९०६ रोजी प्रमाणवेळ लागू झाली, मुंबईची घड्याळं ३९ मिनिटं पुढे गेली, आणि त्या महिन्यात हजारो कामगारांनी नव्या वेळेवर कामावर जायला नकार दिला. गिरणीवर दगड पडले. सकाळची ती ३९ मिनिटं आपली आहेत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. शहरातही या वेळेला इतका विरोध होता की मुंबई महापालिकेने जुनी ‘बॉम्बे टाइम’ स्वातंत्र्यानंतरही काही काळ पाळली.

अलीकडे काही वेळा बदलल्या आहेत. मुलांची झोप पुरी होत नाही, हा मुद्दा तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मांडला आणि ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने पूर्वप्राथमिक ते चौथीच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरलं. निर्णय चांगला आहे, पण ज्यांना उशिराची सर्वांत जास्त गरज आहे ती मुलं त्यातून सुटली. वयात येताना शरीराचं घड्याळ तास-दोन तासांनी उशिराकडे सरकतं, त्यामुळे नववी-दहावीच्या मुलाला दहाला झोप येतच नाही, आणि त्याला झोप हवी असते आठ ते दहा तास. सातच्या शाळेसाठी, त्याआधीच्या क्लाससाठी त्याला आपण साडेपाचला हलवून उठवतो आणि वर त्याला आळशी म्हणतो.

मध्य रेल्वेने २०२३ मध्ये मुंबईतल्या कार्यालयांना कामाच्या वेळा पुढेमागे करण्याची विनंती केली आणि आपल्या कार्यालयात दोन वेळा लावून दाखवल्या: साडेनऊ ते पावणेसहा आणि साडेअकरा ते पावणेआठ. साडेअकराची वेळ मिळालेला बदलापूरकर साडेसहापर्यंत झोपू शकतो. ही सोय खासगी कार्यालयांनी मनावर घेतली तर या तिन्ही शहरांच्या तब्येतीवर तिचा जो परिणाम होईल तो कुठल्याही आरोग्य शिबिराने होणार नाही.

कायदाही झोपेच्या बाजूने बोलू लागला आहे. रात्री झोपलेल्या आंदोलकांवर पोलीस कारवाई झाली, त्या दिल्लीच्या रामलीला मैदान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये झोपेला जगण्याच्या मूलभूत हक्कात स्थान दिलं. एका ज्येष्ठ नागरिकाचा जबाब तपास यंत्रणेने रात्रभर बसवून घेतला, तेव्हा एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने झोप ही माणसाची मूलभूत गरज असल्याचं सांगून त्या पद्धतीवर ताशेरे ओढले. कोठडीच्या दाराशी मान्य झालेली ही गोष्ट कारखान्याच्या फाटकाशी अजून पोहोचायची आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाच्या दिवसाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा आणि कामगाराच्या लेखी संमतीची अट कायम आहे. ती संमती देताना कामगाराने एक बेरीज करून पाहावी. बारा तासांची पाळी, आणि तो बदलापूरहून ठाण्याच्या पलीकडे कामाला जात असेल तर येण्याजाण्याचे तीन तास. उरतात नऊ. त्यात अंघोळ, जेवण, बाजार, मुलांशी चार शब्द, आणि रात्र.